कवटी आणि महालक्ष्म्या

आमच्या घरात स्वयंपाकाला दोन माणसं लागायची. एक हीटरपाशी आणि दुसरं बटणापाशी. हीटर म्हणजे चिनी मातीची गोल थाळी, तिच्या खाचांतून वेटोळी घेत गेलेली उघडी तार आणि खाली तीन लोखंडी पाय. बटण दाबलं की तार आधी काळसर, मग तांबडी, मग नारिंगी व्हायची आणि घरभर तापलेल्या धुळीचा वास सुटायचा. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहातल्या आमच्या गल्लीत गॅस होता तो दोन-तीन घरांत, तोही पाहुण्यांच्या चहापुरता. क्वार्टरला वीज जवळजवळ फुकटच, मग तिच्यावर भात का शिजवू नये, असा सगळ्या बायकांचा सरळ विचार. खरं तर हीटरला मनाई होती. पण तपासणीचा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरं घराघरात वर्दी द्यायची, हीटर गरमच्या गरम पलंगाखाली जायचे, आणि कोळशाचं नखही नसलेल्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी ओट्यावर मानानं बसायची. तो माणूस शेगडी बघायचा, मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. चहा इतक्या लवकर कशावर झाला, हे त्यानं कधी विचारलं नाही.

हीटरवरचं जेवण मला अजून आठवतं. कढीला खालून एकसारखी आच लागायची, पातोडीचं बेसन कधी करपायचं नाही, आणि सकाळी शाळेत जायच्या आधी आई तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे पातळ धिरडं, करायची, तो तिनं इथल्याच हिंदी बोलणाऱ्या बायकांकडून उचललेला. पण भांड्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. लोखंडी कढईत पळी घातली की मनगटापर्यंत झिणझिण चढायची. गल्लीतल्या बायकांना त्याचं काही वाटत नसे. कुणाच्या हीटरला किती करंट येतो याच्या गप्पा उन्हात वड्या घालताना व्हायच्या, जशा एखाद्याच्या सासूच्या व्हाव्यात. शेजारच्या वानखेडे काकू तर म्हणायच्या, "थोडंसं करंट तं येतेच वो. मिरची हाय तं तिखट लागनच." आज माझ्या घरात भिंतीवर एक छोटंसं यंत्र आहे, कुठे जरा वीज पाझरली की पापणी लवायच्या आत सगळं घर बंद करतं. सुनेला त्याचा राग येतो, मिक्सर मधेच थांबतो म्हणून. मला मात्र ते खटकन पडलं की बरं वाटतं.

बाबांना मात्र त्या मुंग्यांचं कौतुक नव्हतं. ते प्लांटात क्रेनची वीज सांभाळायचे. डोक्यावरून तापलेलं लोखंड नेणाऱ्या त्या क्रेन, आणि त्यांच्या पोटातल्या तारा. तिथलं ते घरी फारसं बोलत नसत. कधी एखाद्या दिवशी डबा तसाच परत आला की आई काही न विचारता त्यांच्यापुढे ताक ठेवायची, आणि आम्हाला कळायचं की आज तिकडे काहीतरी झालं. पण तिथली एक रीत त्यांनी घरी आणली होती. प्लांटात कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी त्याची वीज तोडायची, त्याला म्हणायचं शटडाउन घेणं. वीज तोडणारा वेगळा, काम करणारा वेगळा. कामाच्या माणसानं विचारायचं, तोडणाऱ्यानं सांगायचं, आणि ते ऐकल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. बाबांनी हीटरचं बटण मुद्दाम दाराशी उंचावर बसवलं, म्हणजे चुलीशी बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचूच नये. आई पळी उचलायची आणि विचारायची, "बंद?" मी खटका वर करून म्हणायची, "बंद." मग ती ढवळायची. झालं की "चालू", आणि मी पुन्हा खटका पाडायची. माझा अभ्यास त्या दाराशीच झाला. गल्लीतली पोरं मला "बंद" म्हणूनच हाक मारायची, आणि मला त्याचा राग येण्याऐवजी थोडा तोराच यायचा. आईला सुरुवातीला हे नाटक वाटलं. "एका वरणाले दोन मानसं लावून राहिले तुमचे बाबा," असं ती मला म्हणायची. पण पुढे विचारल्याशिवाय तिचा हात पुढे जाईना. आम्ही नागपूरला मामांकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या गॅसपाशीही तिनं आधी "बंद?" विचारलं होतं.

एका गोष्टीवर मात्र तिनं बाबांचं ऐकलं नाही. पायात रबरी चप्पल घालून हीटरपाशी काम कर, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जमिनीत जायला वाट मिळाली नाही की करंट अंगातून जात नाही, हे त्यांनी तिला पाटावर बसवून, आकृती काढून समजावलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात चप्पल घालायला साफ नकार दिला. जिथे अन्न शिजतं, जिथे देवाचा नैवेद्य होतो, तिथे चप्पल? लाखांदूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली ती, तिच्या आईच्या चुलीपुढे कुणी साधं पाय लांब करून बसलं नव्हतं. मग बाबांनी रबराची जाड चटई आणली. तिच्यावर आईनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, ओल धरत नाही म्हणून. बाबांनी मग चपलेचा विषय सोडला. एवढंच, की आई हीटरपाशी असली आणि ते घरी असले, तर कारण नसताना स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायचे.

आणखी एक वस्तू त्यांनी आणली होती. लाल पत्र्याची वीतभर पाटी, तिच्यावर पांढरी कवटी, खाली फुलीसारखी दोन हाडं. घरात शिरताच लागणाऱ्या अरुंद बोळात मेन स्विचची लोखंडी पेटी होती, तिच्या बाजूला वरखाली होणारा दांडा. पंखा दुरुस्त करताना, बल्बचा होल्डर बदलताना बाबा दांडा खाली ओढायचे, दांड्याला ती पाटी अडकवायचे, आणि मगच स्टुलावर चढायचे. ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची, दुसऱ्या कुणी नाही, असा प्लांटचा नियम. घरात हे बाबांना माहीत होतं आणि बाबांजवळ लुडबुडणाऱ्या मला. एरवी ती पाटी पेटीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघून एकदा तरी नाक मुरडायचाच.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी माहेरी यायच्या. बाबांच्या घराण्यातला हा सण, आणि तो सांभाळायला दरवर्षी तुमसर रोडहून पॅसेंजरनं आत्या यायची. बाबांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा बाबांना तिनंच वाढवलं होतं. उंच, सावळी, बोलायला खणखणीत, आणि सोवळ्याच्या बाबतीत कुणाच्या बापाला न ऐकणारी. आईबाबा दोघंही तिला बाई म्हणायचे. ती आली की घराची तऱ्हाच बदलायची. पाण्याचे गुंड-हंडे वेगळे, सरपण नसलं तरी सरपणाची जागा सारवलेली, आणि आम्ही पोरं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या नैवेद्याला सोळा भाज्या, पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पातोडी. आणि हा सगळा स्वयंपाक घरच्या सुनेनं अंगावर पाणी घेऊन, त्याच ओल्या लुगड्यात, तोंडाला पदर बांधून, मुक्यानं करायचा. बोललं की थुंकी उडते आणि नैवेद्य उष्टा होतो, म्हणून शब्द काढायचा नाही. चुलीवर हे शतकानुशतकं चाललं असेल. ओल्या लुगड्याचं चुलीला काय वाकडं?

त्या वर्षापर्यंत आमच्याकडेही हा स्वयंपाक मागच्या अंगणात विटांच्या चुलीवर व्हायचा. त्या वर्षी पावसानं अंगणात घोटाघोटा पाणी साठलं, लाकडं भिजून काळी पडली, आणि आईनं ठरवलं की हीटरवरच करायचं. बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. ओलं लुगडं, अनवाणी पाय, ओली फरशी, पितळेचा गंज म्हणजे मोठं पातेलं, आणि उघडी तार. त्यांनी आईला निदान कोरडं नेसून कर म्हणून विनवलं. आई उत्तर देण्याआधी आत्याच म्हणाली की आपल्या आईनं तापात असतानाही ओलेत्यानं नैवेद्य केला होता, आणि या घरात आता विजेला विचारून सोवळं पाळायचं का? बाबांना वाढवलेली बाई ती. तिच्यापुढे ते प्लांटमधले कुणी नव्हते, धाकटे भाऊ होते. आई खाली बघत होती. मला वाटतं, त्या क्षणी कुणी तिला मोकळेपणानं विचारलं असतं तर तीही ओलेत्यालाच हो म्हणाली असती. तिला महालक्ष्म्यांची भीती नव्हती. सून म्हणून उणी पडायची भीती होती, आणि तीही नेमकी या नणंदेपुढे.

बाबांनी मग आपल्या परीनं वाट काढली. रजा टाकली आणि त्या दिवशी बटणाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. भिंतीवरचं बटण दोन तारांपैकी एकच तोडतं, दुसरीतून करंट येऊ शकतो, मेनचा दांडा दोन्ही तोडतो, म्हणून ते स्वतः मेनपाशी उभे राहणार. आईला बोलता येणार नाही, तर तिनं लाटण्यानं पाटावर एक ठोका द्यायचा. बाबा दांडा ओढून "बंद" म्हणणार, मग तिनं भांड्याला हात लावायचा, आणि दोन ठोके पडले की ते पुन्हा चालू करणार. आत्याला हा सगळा पोरखेळ वाटला, पण भाऊ दिवसभर घरात राहतोय याचा तिला आनंदही झाला असावा. सकाळभर घरात तेच चाललं होतं. ठक. बंद. ठक ठक. मग गुणगुणणारा हीटर. दर वेळी दांडा खाली आला की पुढच्या खोलीतल्या महालक्ष्म्यांवरची बल्बची माळ विझायची आणि दांडा वर गेला की पुन्हा लागायची. आत्या तेव्हा दरवेळी जिभेनं चक् करायची. मी तिच्याजवळ बसून आघाड्याची पानं निवडत होते. समई तेवत होती, पण आत्याला ती माळही हवी होती. माळ तिनंच आदल्या दिवशी आणून लावली होती.

भाज्या झाल्या, कढी झाली, पुरण राहिलं. पुरण म्हणजे सगळ्यात वाईट काम. ते सतत ढवळावं लागतं, उसळतं, गंजाबाहेर सांडतं, आणि गूळ तारेवर पडला की तार कुठे उचलते, कुठे भांड्याला टेकते. पाटावर एक ठोका पडला. बाबांनी दांडा खाली ओढला, "बंद" म्हणाले, तेवढ्यात दूधवाल्यानं फाटक वाजवलं. तोवर त्यांनी दांड्यावरचा हात काढलाच नव्हता. आता जायचं म्हणजे पाटी लावायची. त्यांनी सवयीनं खिळ्याकडे हात नेला, आणि खिळा रिकामा होता. महालक्ष्म्या घरात येणार, आणि दारातच मेलेल्या माणसाची कवटी टांगलेली, म्हणून आत्यानं आदल्याच दिवशी ती काढून कुठेतरी ठेवून दिली होती. बाबा ती शोधायला मागच्या खोलीत गेले. दोन-चार पावलांचं अंतर. त्याच वेळी आत्या बोळातून निरांजन घेऊन आली. दांडा खाली, माळ विझलेली, भाऊ जागेवर नाही. भाऊ विसरला असं समजून तिनं दांडा वर केला.

माळ लागली. मी वर बघितलं आणि क्षणभर मला छानच वाटलं, कनिष्ठेच्या नाकातली नथ लखलखली म्हणून. मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला. आईचा म्हणावा तर तो तिचा नव्हता. तोंडाला पदर बांधलेल्या माणसाच्या घशातून दाबून निघालेला, न तुटता चाललेला एकच सूर. मी धावले. आत्या माझ्या पुढे होती. आई हीटरपुढे गुडघ्यांवर, अंग कमानीसारखं ताठ, हात पळीच्या दांड्याला घट्ट धरलेला, सोडता न येणारा, डोळे उघडे. आत्यानं तिला ओढायला दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नोको तिले," बाबा मागून ओरडले. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. आत्या जागीच थिजली. मी वळून बघितलं तर बाबा आईकडे येत नव्हते. ते आमच्याकडे पाठ करून पळत होते. माझी आई मरत होती आणि माझे बाबा तिच्यापासून दूर पळत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि दोन श्वासांपुरता मी त्यांचा जन्मभराचा द्वेष केला. मग बोळात दांडा खाली पडल्याचा धाड आवाज झाला, आईची बोटं सुटली आणि ती बाजूला कोसळली. त्यानंतर बाबा आले ते गुडघ्यांवर घसरतच. या वयातही मला वाटतं की माणसाला शिकवायची सगळ्यात अवघड गोष्ट हीच असावी. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे धावायचं नाही, आधी दांड्याकडे धावायचं. माझ्या नातवंडांना मी पाढे शिकवले नाहीत, पण हे शिकवलं आहे. ती हिंदीत हसतात, "हाँ आजी, पहले मेन बंद." हसू देत.

आई श्वास घेत होती. उजव्या तळहाताची कातडी पळीच्या आकारात पांढरी पडली होती. बाबांनी तिच्या तोंडावरचा पदर सोडला, ओल्या लुगड्यावरूनच चादर गुंडाळली आणि तिला वानखेडे काकांच्या स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. मी मागच्या सीटवर तिला धरून. वाटेत ती एकदाच बोलली, पुरण खाली लागेल म्हणून. डॉक्टरांनी छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, हात बांधला, आणि दुपारभर तिला तिथे झोपवून ठेवलं, कारण असा झटका बसला की नंतरही हृदय दगा देऊ शकतं. बाबा बाकावर बसले होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ते का पळाले ते मला एव्हाना कळलं होतं, तरी बोलत नव्हते. मग ते आपणहून म्हणाले, "प्लांटात त्या पाटीचा मतलब सगळ्याइले मालूम हाय, कुंदे. घरी मी कोनाले सांगतलाच नाई. बाईले कसा मालूम राहील?" पाटी कुणी काढली, दांडा कुणी उचलला, याचा उच्चार त्यांनी त्या दिवशी केला नाही आणि पुढेही नाही. आत्या वारेपर्यंत नाही, वारल्यावरही नाही.

संध्याकाळच्या आधी आम्ही परतलो. घरात माळ विझलेली, दांडा खालीच, समई तेवढी चालू. आत्या मागच्या पायरीवर आपली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. तिनं आईकडे बघितलंही नाही. बाबांना म्हणाली की मला रात्रीच्या आधी स्टेशनवर सोड, महालक्ष्म्यांचा कोप झाला, आणि तो माझ्या हातानं झाला, आता या घरात मी पाण्याला हात लावणार नाही. पुन्हा येणार नाही, असंही म्हणाली. बाबा तिच्यापुढे उभे होते. वानखेडे काकू कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. थोड्या वेळात सवाष्णी जेवायला येणार होत्या, आणि नैवेद्य अर्धाच झाला होता.

आई भिंतीला धरून पायरीपर्यंत आली. मला वाटलं, ती आता रडेल किंवा आत्याला लागेल असं काही बोलेल. ती आत्याशेजारी बसली, बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि नेहमी भाजीच्या जुडीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "बाई, महालक्ष्म्या कोन होय? माहेरी आलेल्या लेकी. माहेरी आलेली लेक घरच्या बाईचा जीव मांगते का? नाई मांगत. त्याइनं नाई मांगतला, अन् तुमीही नाई." आत्यानं तोंडात पदर कोंबला. आई म्हणाली, "तुमी याच घरच्या हा. तुमी गेल्या तं त्या आत बसलेल्या लेकीइले मी काय तोंड दाखवू? उठा. पुरण अर्धं राह्यलं हाय."

मग ती उठली आणि आत गेली. कोरडं लुगडं नेसली, मला गाठी मारायला सांगून. बाबांकडे तिनं चप्पल मागितली. नवी नव्हतीच घरात. बाबांची रबरी, तिच्या पायांना दोन बोटं मोठी, ती तिनं मोरीत घासून घेतली, माझ्याकडून दुसरी एक जोडी घासून घेतली, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना ती चप्पल पायात घातली. इतकी वर्षं बाबा ज्याच्यासाठी विनवत होते ते असं झालं, आणि बाबांना बघायला धीर झाला नाही. ते मेनपाशी जाऊन उभे राहिले. दुसरी जोडी आईनं उंबऱ्याच्या बाहेर ठेवली होती, आत्यासाठी. एका हातानं पुरण ढवळता येणार नव्हतं.

आत्या दाराशी येऊन थांबली. तिच्या आयुष्यात ती चप्पल घालून चुलीपाशी गेली नव्हती. चुलीपाशी चप्पल घातलेली सून तिनं पाहिलीही नव्हती. ती चौकटीला धरून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं ती परत पिशवीकडे जाईल. आई तिच्याकडे पाठ करून डाळ घोटत बसली. मग आत्यानं आधी उजवा, मग डावा पाय चपलेत सारला आणि आत गेली. बोलू नये म्हणून दोघींनी तोंडाला पदर बांधले. तेवढं त्यांनी ठेवलं. पाटावर एक ठोका पडला, बाबा "बंद" म्हणाले आणि त्या वेळी दांडा सोडून कुठेही गेले नाहीत.

दिवेलागणीला सवाष्णी आल्या, आठदहा जणी, गल्लीतल्याच. पानं मांडलेली. वानखेडे काकू वाढायला मदत करायची म्हणून स्वयंपाकघराकडे वळल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या. आत दोघी चपला घालून, कोरड्या लुगड्यात. मागे आलेल्या दोघीतिघींनीही वाकून बघितलं. मागच्या रांगेत कुजबुज झाली आणि एक बाई, कोण ते मी सांगणार नाही, पानावरून हळूच उठायला लागली. आईचा हात पोळीवर थांबला. वर्षभर गल्लीत काय बोललं जाईल, ते तिला तिथेच ऐकू आलं असणार.

तेव्हा आत्या बाहेर आली. तशीच, चपलेसकट, एका हातात पुरणाचं ताट घेऊन, पंगतीच्या मधोमध. तोंडावरचा पदर सोडून म्हणाली, "या घरची मोठी लेक मी हाओ. चप्पल मी घालायले लावली तिले. कोरडं नेसायले बी मीच सांगतलं. कोनाले जेवायचं नसन तं मले सांगावं, तिले नाई."

उठणारी बाई बसली. वानखेडे काकूंनी पदर खोचला आणि पुरणाचं ताट आत्याच्या हातातून घेतलं. पंगत सुरू झाली. आत आई तव्यावरच्या पोळीवर तूप सोडत होती. हात भाजला तेव्हा ती रडली नव्हती, दवाखान्यात नव्हती, आत्याच्या शेजारी बसली तेव्हाही नव्हती. आता रडत होती, आणि डाव्या हातानं पोळ्या काढून देत होती.